जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा दम कुठे जातो आणि तो कसा शोधायचा

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं सिलिंडर हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) आणि बोअरिंगचं वर्कशॉप आहे. अप्पांनी सुरू केलं, आता मी बघते. खानापूर, निपाणी, संकेश्वर, चंदगडच्या गॅरेजांमधून आमच्याकडे हेडं येतात. बहुतेक ट्रॅक्टरची आणि टेम्पोची असतात. अधूनमधून २० व्हॉल्व्हचं ॲल्युमिनियमचं एखादं हेड येतं, म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचं (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). त्याच्यासोबत तक्रार ठरलेली असते: गाडी ओढत नाही, पिकअप गेलं. हेड टेबलावर ठेवून सरळ पट्टी लावावी, व्हॉल्व्हच्या सीट तपासाव्यात, तर बऱ्याचदा हेड चांगलं निघतं. दोष गाडीतच राहिलेला असतो आणि हेड उघडायचा खर्च मालकाच्या अंगावर पडलेला असतो. हीच गाडी माझ्या घरीही आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. म्हणून हेड उघडण्याआधी, टर्बो मागवण्याआधी काय बघायचं आणि कुठल्या क्रमानं बघायचं, ते इथे सविस्तर लिहिते.

ऑक्टाव्हिया आरएस भारतात २००४ मध्ये आली. मोठी डिकी, मागे माणसं नीट बसतील अशी सीट, आणि पुढे १७८१ सीसीचं इंजिन: एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, २१० न्यूटन मीटर टॉर्क. यातला शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण हा टॉर्क १७५० आरपीएमपासूनच पूर्ण मिळतो आणि साधारण ४६०० पर्यंत टिकतो. म्हणजे गोव्याहून परतताना केरीच्या पुढे चोर्ल्याचा चढ लागला, गाडी तिसऱ्या गिअरला २००० आरपीएमवर आहे आणि तुम्ही पाय दाबला, तर तिने लगेच पाठीला रेटा द्यायला हवा. गिअर खाली टाकल्याशिवाय चढत नसेल तर काहीतरी हरवलंय. वीस वर्षं झालेल्या गाडीत "आता वय झालं तिचं" असं म्हणून हे सोडून देऊ नका. इंजिनाचं लोखंड सहसा शाबूत असतं. वय होतं ते रबराचं, प्लॅस्टिकचं आणि सेन्सरचं.

सगळ्यात आधी वही घ्या आणि दम नेमका कधी जातो ते लिहा. अचानक जातो आणि गाडी बंद करून परत चालू केली की परत येतो? मग कॉम्प्युटरनेच इंजिन आवळून धरलंय. बहुतेक वेळा टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा जास्त झाला म्हणून. खालच्या आरपीएमपासून सतत सुस्त आहे? मग हवा गळते किंवा दाब तयारच होत नाही. जोरात दाबल्यावर झटके देते, मिसिंग करते, पण हळू चालवताना ठीक असते? मग आधी ठिणगी देणारे कॉइल आणि प्लग. खाली ठीक पण ४००० च्या वर जीव नाही? मग पेट्रोल कमी पडतंय, हवा मोजणारा सेन्सर कमी सांगतोय किंवा सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय. गरम झाल्यावरच बिघडते? थंडीतच बिघडते? पावसातच? मेकॅनिककडे जाताना ही वही घेऊन जा. "पिकअप नाही" एवढंच सांगितलंत तर तो अंदाजाने पार्ट बदलणार, दुसरं करणार काय तो.

इंजिनाला हात लावायच्या आधी आणखी दोन गोष्टी निकालात काढा. पहिली क्लच. चढावर चौथ्या गिअरला २००० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. काटा भराभर चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. इंजिन बिचारं आपलं काम करतंय. दुसरी ब्रेक. या गाडीला मागेही डिस्क आहेत आणि हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी चार दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली की ती यंत्रणा गंजून अडकते आणि चाक थोडं धरून ठेवते. गाडी सपाटीवर जरा चालवून आणा, ब्रेक फारसा न वापरता थांबवा आणि चारही रिमांजवळ हात न्या. एकच चाक तापलं असेल तर जॅक लावून ते हाताने फिरवून बघा.

किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका

आता स्कॅनर. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचायला ब्लूटूथचा साधा ईएलएम ३२७ डोंगल पुरतो. पण या गाडीवर खरोखर काम करायचं असेल तर व्हीसीडीएसची (फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्या तपासायच्या सॉफ्टवेअरची) केबल आणि जुना लॅपटॉप जमवा. त्यात सेन्सरचे आकडे क्रमांक दिलेल्या ब्लॉकांमध्ये दिसतात. एका टर्बोच्या किमतीच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

पहिली चाचणी फुकट आहे आणि आपल्या भागात तर ती फारच उपयोगी पडते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका. ११५ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये टर्बोचा प्रत्यक्ष दाब दिसतो. इंजिन बंद असताना सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवणार. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, म्हणून इथे आकडा ९२५ मिलिबारच्या आसपास यायला हवा. कोल्हापुरात तो ९५० च्या जवळ जाईल, पणजीत १०१० च्या जवळ. बेळगावात उभ्या गाडीत १००० किंवा ८५० दिसत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि त्याच्या भरवशावर बाकी काहीही मोजण्यात अर्थ नाही.

त्याच वेळी कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर गार झालेल्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी असायला हवीत. कूलंटचा सेन्सर सकाळी उणे अंश दाखवत असेल तर कॉम्प्युटर समजणार की गाडी बर्फात उभी आहे, आणि पेट्रोल ओतत राहणार. गाडी जड होते, पेट्रोल खाते, प्लग काळे पडतात. हा सेन्सर स्वस्त आहे. बदलताना सोबतची रबर रिंगही नवीन टाका. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चालवताना कूलंट ८० अंशांच्या वर जातच नसेल तर कूलंटचा रस्ता उघडबंद करणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

उंचीचा मुद्दा जरा आणखी समजून घ्या. बेळगावची हवा गोव्यापेक्षा साधारण आठ टक्के विरळ. बिनटर्बोची गाडी तेवढी ताकद इथे गमावतेच, त्यावर इलाज नाही. टर्बोच्या गाडीत कॉम्प्युटर ठराविक दाब मागतो आणि टर्बोला जास्त फिरवून तो पुरा करून घेतो. म्हणून तुमची आरएस पणजीत बरी आणि बेळगावात मेल्यासारखी वाटत असेल, तर टर्बोला ती भरपाई जमत नाहीये. बारीक गळती गोव्यात लपून जाते आणि इथे उघडी पडते.

हवेची गळती

जुन्या १.८ टर्बोचा हरवलेला दम बहुतेक वेळा इथेच सापडतो, म्हणून इथे घाई करू नका. हवेचा रस्ता असा आहे: फिल्टर, हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर, तिथून टर्बोकडे जाणारा जाड रबरी पाइप, टर्बो, मग बंपरच्या आत कोपऱ्यात बसवलेला, हवा गार करणारा इंटरकूलर, तिथून थ्रॉटल (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप) आणि इंजिन. सेन्सरने मोजलेली सगळी हवा इंजिनात पोचली पाहिजे. मधे कुठेही निसटली तर कॉम्प्युटर हवा आहे असं धरून पेट्रोल टाकतो, हवा मात्र बाहेर गेलेली असते.

निपाणीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. गाडी तवंदी घाटात दम सोडायची. "टर्बो गेलाय म्हणूलालेत की वो अक्का, हेड पण उघडूया काय?" असं विचारत होता. मी म्हटलं, थांब, आधी हवा भरून बघू. टर्बोच्या तोंडाशी जाणाऱ्या जाड पाइपच्या पोटाखाली, वरून अजिबात दिसत नाही अशा जागी, एका आडव्या होजला करंगळी जाईल एवढी चीर होती. इंजिनाचं ऑइल वाफेच्या रूपाने त्या होजमधून जातं आणि वर्षानुवर्षं रबर भिजून मऊ होतं, मग फाटतं. होज आणि दोन क्लॅम्प बदलले, काम झालं.

हवा भरून बघायची पद्धत अशी. सेन्सरनंतरचा रबरी पाइप सेन्सरपासून सोडवा. त्या पाइपच्या आतल्या व्यासाचं बूच लागतं. आम्ही लेथवर ॲल्युमिनियमचं काढतो. तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीची एंड कॅप आणा. विकत घेण्याआधी व्हर्नियरने पाइप मोजा. कॅपला भोक पाडून बिनट्यूबच्या टायरचा व्हॉल्व्ह बसवा, बूच पाइपात घालून क्लॅम्प आवळा. इंजिनाच्या क्रँककेसमधून (खालच्या ऑइलच्या भागातून) या पाइपला येणारा होज काढून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर हवा ऑइल चेंबरमध्ये शिरून सील ढकलेल. मग कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू अर्धा बार दाब द्या. त्याच्या वर जाऊ नका. इंजिन गार हवं, किल्ली काढलेली हवी, डोळ्यांवर चष्मा हवा.

आता कान द्या आणि साबणाचं पाणी फवारा, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसं. थोडी हवा उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून जाणारच, तिचा आवाज सायलेन्सरकडून येतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. बुडबुडे कुठे येतात ते बघा. इंटरकूलरची दोन्ही तोंडं, तिथल्या रिंगा आणि क्लिपा. टर्बोचा दाब नियंत्रित करणाऱ्या एन ७५ व्हॉल्व्हचे तीन पातळ होज. इनटेक मॅनिफोल्डच्या मागे लपलेले एकदिशा व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडणारे प्लॅस्टिकचे तुकडे. हे वीस वर्षांनी बिस्किटासारखे तुटतात, तेव्हा ओढून बघू नका, हलकेच दाबून बघा. ब्रेक बूस्टरकडे जाणारा होज. डिपस्टिकची नळी आणि ऑइल कॅपचं पॅकिंग मात्र या चाचणीत येत नाही, कारण तो रस्ता आपण बंद केलाय. ते डोळ्यांनीच तपासा.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे पाय सोडल्यावर दाबलेली हवा परत वळवणारा व्हॉल्व्ह, वेगळा काढून बघा. दोन क्लॅम्प सोडवले की हातात येतो. आतला भाग बोटाने आत दाबून धरा, वरच्या बारीक नळीवर दुसरं बोट घट्ट ठेवा आणि आतलं बोट सोडा. आतला भाग तसाच आत राहिला तर पडदा शाबूत आहे. लगेच बाहेर आला तर पडदा फाटलाय आणि तुमच्या टर्बोने दाबलेली हवा फिरून परत टर्बोच्याच तोंडात जातेय. याला एक मिनिट लागतं. ही चाचणी न करता टर्बो बदलायला सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा.

होज बदलताना रबर कुठलं ते विचारा. पातळ व्हॅक्यूम होजसाठी सिलिकॉन छान. ऑइलची वाफ जाते तिथे साधं सिलिकॉन घालू नका, ऑइल त्यातून झिरपतं. ऑइलला टिकणारं रबर मागा. पेट्रोलच्या लाइनला तर पेट्रोलसाठीच बनवलेला होज, ज्याच्यावर तसं छापलेलं असतं, तोच घाला.

सेन्सर काय सांगतो

गळती नाही, किंवा होती ती बंद केली. आता इंजिन गरम करून ३२ क्रमांकाचा ब्लॉक उघडा. तिथे दोन टक्केवाऱ्या दिसतात. पहिली आयडलची (पाय सोडून उभी गाडी चालू असतानाची), दुसरी चालत्या गाडीची. कॉम्प्युटरला ठरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल टाकावं लागतंय, ते त्या सांगतात. पहिला आकडा बराच अधिक असेल तर हवा अजूनही कुठूनतरी चोरून आत शिरतेय. पहिला ठीक आणि दुसरा बराच अधिक असेल तर सेन्सर हवा कमी मोजतोय किंवा पेट्रोल कमी मिळतंय.

इथे आपल्या पंपावरचं पेट्रोल हिशेबात धरावं लागतं. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉल तयार होतं, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. शुद्ध पेट्रोल जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच भाग. त्यामुळे २००४-०५ च्या हिशेबाने बसवलेल्या कॉम्प्युटरला आता जास्त पेट्रोल टाकावं लागतं, आणि ३२ व्या ब्लॉकमधला दुसरा आकडा सहा ते आठ टक्के अधिक दिसतो. याला दोष समजून सेन्सर बदलत बसू नका. पंधराच्या वर गेला तर मात्र शोध घ्या. मायलेज थोडं कमी होणार हेही धरून चला. ऊस आपला आहे, त्याला भाव मिळतो ही आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त गाडीच्या जुन्या रबराला हे मानवत नाही, म्हणून पेट्रोलचे होज आधी बदला. इथेनॉल टाकीतला जुना चिकटाही सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. फिल्टर वर्षातून एकदा बदलाच.

सेन्सर खरंच कमी मोजतोय का, ते जोर लावूनच कळतं. वंटमुरी घाटाच्या चढावर, रस्ता मोकळा असताना, दुसऱ्या गिअरला २००० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून ५५०० पर्यंत न्या. दुसऱ्या गिअरमध्ये वेग त्यामानाने कमी राहतो. लॅपटॉप शेजारच्या माणसाच्या मांडीवर आणि लॉगिंग चालू. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचंच नाही. ढोबळ हिशेब असा, की सेकंदाला जितके ग्रॅम हवा मोजली गेली त्याला ०.८ ने भागलं की अश्वशक्तीचा अंदाज येतो. १५० अश्वशक्तीच्या धडधाकट गाडीत आकडा १२० ग्रॅमच्या जवळ जायला हवा. ८० वर अडकला आणि टर्बोचा दाब मात्र बरोबर असेल, तर सेन्सर मळलाय किंवा संपलाय.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून कच्च्या रस्त्याने जाणारी गाडी, उद्यमबागेत फाउंड्रीच्या शेजारी उभी राहणारी गाडी, तिथली सगळी धूळ शेवटी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक पट्टीवर येऊन बसते. तेल लावलेले स्पोर्ट्स फिल्टर तर मी कुणाला सुचवतच नाही. तेल पुढे जाऊन सेन्सरवर बसतं. कागदाचा चांगला फिल्टर घाला. सेन्सर धुवायचा तर त्याच्यासाठीचाच स्प्रे वापरा, कार्बोरेटर क्लीनर नको, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका. फिल्टरची पेटी उघडलीच आहे तर हवा आत येते त्या नळीतही हात घाला. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाला साचतो.

त्याच लॉगमध्ये ११५ व्या ब्लॉकमधला मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी ठेवा. ५०-१०० मिलिबारचा फरक चालतो. मिळालेला दाब सतत बराच कमी असेल तर गळती, एन ७५ किंवा वेस्टगेट (टर्बोला फिरवणारा जादा धूर बाजूने सोडणारी झडप). मिळालेला जास्त असेल आणि मग गाडी एकदम आवळली जात असेल, तर वेस्टगेटची दांडी गंजून अडकलीय किंवा तिच्याकडे जाणारा होज निसटलाय.

कॉइल आणि प्लगचं थोडक्यात. जोर दिल्यावर मिसिंग होत असेल आणि कोड पी ०३०१ ते पी ०३०४ पैकी असेल, तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. त्या सिलिंडरची कॉइल शेजाऱ्याला लावा. कोडही सोबत सरकला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लग, वायर किंवा इंजेक्टर. कॉइलच्या वायरींचं आवरण उष्णतेने कडक होऊन तडकतं आणि पावसाळ्याच्या ओलीत तेच आधी उघडं पडतं. प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, आणि प्लग टॉर्क पाना लावून ३० न्यूटन मीटरला आवळा. हेड ॲल्युमिनियमचं आहे. आटे गेले की ते काम माझ्याकडे येतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

पेट्रोलच्या दाबासाठी रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीवर, गेज लावा. दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरवर त्याचा आकडा छापलेला असतो. आयडलला व्हॅक्यूम होज लावलेला असताना दाब छापलेल्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा बार कमी, होज काढला की छापल्याएवढा. काढलेल्या होजमधून पेट्रोलचा वास आला किंवा थेंब पडला तर रेग्युलेटर बदला.

आता टर्बो, आणि सगळ्यात शेवटी हेड

एवढं करूनही दम नसेल तर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून आत बोट घाला, अर्थात गाडी गार असताना. पंखा बाजूला किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे हलता कामा नये, आणि पात्यांच्या कडा भिंतीला घासल्याच्या खुणा नकोत. इंटरकूलरच्या पाइपात थोडा ऑइलचा लेप सगळ्याच जुन्या गाड्यांत दिसतो; साचलेलं ऑइल ओतून काढावं लागलं तर मात्र काळजी करा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का बघायला पहिला ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. आयडलला ०.१ बारच्या आत, ३००० आरपीएमला ०.२ च्या आत असायला हवं. जास्त आलं तर इंजिनाचा श्वास बाहेर पडायची जागाच कोंडलीय.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि कॉइल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी दमदार. ७ बारच्या खाली कुठलाही सिलिंडर गेला, किंवा दोन सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक आला, तर खरा दोष आत आहे. इथेही उंची विसरू नका: गोव्यात १२ बार दाखवणारं इंजिन बेळगावात ११ दाखवेल आणि ते अगदी निरोगी असेल. कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. दोन शेजारचे सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुतेक गॅसकेटच.

अशा वेळी हेड उघडा आणि जिथे काम करणार तिथे मागचे सगळे आकडे कागदावर लिहून द्या. हेड ग्राइंड करायला देताना उंची मोजून घ्यायला सांगा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हेडची कमीत कमी उंची दिलेली आहे. त्याखाली नेलेलं हेड बसवलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा कमी होते. "थोडंसंच मारा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणते. वाकलेलंच नसेल तर ग्राइंडिंगची गरजही नसते, व्हॉल्व्ह लॅप केले, म्हणजे सीटवर घासून बसवले, की पुरतं.

काम कुठलंही झालं, तरी कोड पुसा, थ्रॉटल साफ केला असेल तर ६० व्या ब्लॉकमधून त्याचं ॲडाप्टेशन करा (कॉम्प्युटरला त्याची जागा परत शिकवा), आणि आठवडाभर रोजच्यासारखी चालवून ३२ वा ब्लॉक परत बघा. लगेच बघितलात तर आकडे शून्यावर दिसतील आणि उगाच समाधान होईल.

पुढची वर्षं टिकवायला

ऑइल ५ डब्ल्यू-४० सिंथेटिक, डब्यावर फोक्सवॅगन ५०२.०० असं लिहिलेलं. मी ७५०० किलोमीटरला बदलते, आणि गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलतेच. या इंजिनाचं ऑइल जास्त दिवस ठेवलं की त्याचा चिकट गाळ होतो आणि संपमधल्या (खालच्या ऑइलच्या पेटीतल्या) ऑइल ओढणाऱ्या जाळीत बसतो. ऑइलचा दिवा लागतो तोवर टर्बोचं बेअरिंग तहानलेलं राहिलेलं असतं. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि इतिहास माहीत नसेल तर एकदा संप काढून जाळी बघाच. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायाने या, तेवढं पुरतं.

आपल्याकडे मे संपायच्या आत चार गोष्टी: मागचे कॅलिपर खोलून ग्रीस, कॉइलच्या वायरी, बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरी आणि पावसाचं पाणी वाहून जाणारी विंडशील्डखालची भोकं. गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत ओलसर हवा राहते, इथेनॉल ती ओल ओढून घेतं, आणि पाणी तळाशी बसलं की पंप आणि इंजेक्टर दोन्हींना त्रास. हँडब्रेक न ओढता चाकाला ओंडका लावा.

पार्ट जमवताना कोल्हापूर-पुण्यात "आरएस" म्हणून विचारलंत तर दुकानदार मान हलवतो. पार्ट नंबर सांगा. हे १.८ टर्बो इंजिन त्या काळच्या फोक्सवॅगन समूहाच्या इतर गाड्यांतही होतं, बरेच सेन्सर आणि कॉइल तेच लागतात. नोंदणीला १५ वर्षं झाल्यावर नूतनीकरण लागतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. तपासणीच्या आदल्या महिन्यात ३२ वा ब्लॉक ठीक असेल तर धुराच्या चाचणीची काळजी उरत नाही.

शेवटचं काम टायमिंग बेल्टचं. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून किलोमीटर कमी झाले असले तरी पाच वर्षांनी बेल्ट बदला, जास्त चालत असेल तर ८०-९० हजार किलोमीटरला. नुसता बेल्ट नको. टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक डॅम्पर, रोलर आणि वॉटर पंप एकदमच. जुन्या पंपांचा पंखा प्लॅस्टिकचा असायचा, आता धातूच्या पंख्याचे मिळतात, ते घ्या. बेल्ट एक दात जरी चुकून बसला तरी गाडी चालू होते, फिरते, पण दम कुठेतरी गेलेला असतो. तेव्हा बसवल्यावर हाताने क्रँक दोन फेरे फिरवून खुणा परत जुळवून घ्यायला सांगा. आणि बेल्टच्या प्लॅस्टिक कव्हरवर पेंट मार्करने तारीख आणि किलोमीटर ठळक लिहा. उद्या गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तरी त्याला बिलं शोधत बसावं लागणार नाही.